भाचीचे नवे घर आणि हिंगोलीचे कारागीर

आपल्या घरांतल्या जुन्या कारागिरीचा विषय निघाला की बोलणे हिमरूवर जाते, नाहीतर बिदरीवर. मी औरंगाबादची, त्यामुळे हिमरूचा अभिमान मला आयताच मिळालेला. हिंगोलीचे नाव मात्र या बाबतीत कोणी घेत नाही. हिंगोली म्हटले की हळद, औंढा नागनाथ, नर्सी नामदेव. म्हणून भाचीचा फोन आला, "खाला, घर बांधून झाले, सामान घ्यायला तुम्ही या," तेव्हा मी तिला म्हटले, "अगं, सामान घ्यायचे तर तूच इकडे ये. इथली दुकाने मोठी." ती म्हणाली, "दुकानातून घ्यायचेच नाही, म्हणून तर तुम्हाला बोलावते आहे."

जानेवारीचा दुसरा आठवडा. पूर्ण्यापर्यंत एका गाडीने आणि पुढे अकोल्याच्या बाजूला जाणाऱ्या दुसऱ्या गाडीने निघाले. वसमतच्या पुढे दोन्ही बाजूंना हळदीची शेते होती. पाने पिवळी पडून वाळू लागलेली. मध्येच वेचणी झालेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या, बोंडांत अडकून राहिलेला थोडा पांढरा कापूस, मग पुन्हा हळद. वसमतच्या हळदीला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हापासून आमचे दुल्हाभाई प्रत्येक पाहुण्याला एक किलो हळद दिल्याशिवाय परत पाठवत नाहीत. कपाशीला असे मानांकन नाही. पण या सफरीत माझे काम कपाशीशीच जास्त पडणार होते.

स्टेशनच्या पाटीवर अजून ‘हिंगोली डेक्कन’ असे लिहिलेले आहे. ते वाचले की मला निजामाचा काळ आठवतो. अर्थात पाहिलेला नाही, नानीकडून ऐकलेला. इथे हैदराबाद कंटिन्जंट फौजेची छावणी होती. 1903 साली ती फौज हिंदुस्थानी सैन्यात मिसळली गेली आणि छावणीचे दिवस संपले. छावणी होती तेव्हा आणि नंतरही हिंगोली कापसाची मोठी पेठ होती. पुढे गाव परभणी जिल्ह्यात राहिले आणि 1 मे 1999 रोजी स्वतंत्र जिल्हा झाले. छावणी आणि कापूस, या दोन गोष्टी असल्या की गावात शिंपी, सुतार, लोहार आणि पिंजारी येतातच. त्यांतले किती उरले आहेत, ते भाचीमुळे मला दिसले.

तिचे घर गावाच्या कडेला, नव्या वस्तीत आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे हातभर अंगण. भाची जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत शिकवते, जावई मोबाइल दुरुस्तीचे दुकान चालवतात. दोघांनी चार वर्षे पै-पै जोडून स्लॅब टाकला. आत गेले तर आवाज घुमत होता. एक चटई, दोन लोखंडी पेट्या, गॅस आणि आपाने दिलेले एक कपाट, एवढेच. सामानासाठी सत्तर हजार बाजूला ठेवले होते. तिच्या सासूबाई गावातल्या एका दुकानात जाऊन सगळे पसंत करून आल्या होत्या: सोफा, पेटीचा पलंग, आरशाचे कपाट, काचेचे शोकेस. किंमत एक लाख चाळीस हजार. निम्मे रोख, उरलेले हप्त्याने.

व्याज द्यायचे नाही, यावर नवरा-बायकोचे एकमत होते. सासूबाईंचाही त्याला विरोध नव्हता. त्यांचे म्हणणे एवढेच, की मग आमच्या भावाकडून हातउसने घ्या, पण घर घरासारखे दिसू द्या. भाची तरी तयार होईना. खरे कारण मला रात्री आपाच्या घरी कळले.

आपाचे सासर जुन्या वस्तीत. दगड-मातीच्या जाड भिंती, पुढच्या भागावर माळवद, मागे पत्रे. मराठवाड्यातल्या वाचकांना माळवद सांगायला नको, इतरांसाठी सांगते. लाकडी तुळया आणि कड्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर देऊन केलेले सपाट छत. उन्हाळ्यात याच्यासारखा गारवा नाही. पण ही माती मणांनी असते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीत हजारो माणसे गेली, ती बहुतेक झोपेत आणि अशाच जड छता-भिंतींखाली. त्यानंतर मराठवाड्यात माळवदाकडे माणूस वेगळ्या नजरेने पाहू लागला.

हिंगोलीकरांना ती आठवण पुन्हा झाली 21 मार्च 2024 ला. रमजान चालू होता, दहावा रोजा. सहेरी झाली, फज्र झाली. आपा जानमाजवरच बसून तिलावत करत होती, दुल्हाभाई मशिदीतून यायचे होते. सहा वाजून काही मिनिटांनी जमिनीतून जड ट्रक गेल्यासारखा आवाज आला आणि घर हलले. 4.5 तीव्रतेचा धक्का, कळमनुरी तालुक्यातला. नंतर लगेच एक छोटा. वसमतकडच्या पांगरा शिंदे भागात जमिनीतून असे आवाज कित्येक वर्षे येत होते, पण ती "त्यांच्याकडची" गोष्ट होती. त्या दिवशी ती सगळ्यांची झाली.

आपाच्या घरी कोणाला काही झाले नाही, अल्हम्दुलिल्लाह. पण भिंतीवरचा काचेचा भला मोठा तुगरा खिळा सुटून खाली आला, तो थेट दुल्हाभाईंच्या उशीवर. ते मशिदीत नसते तर? आपा ते वाक्य पुरे करत नाही. आतल्या खोलीत भाची फळीखाली झोपली होती. फळीवर दादीसासूच्या वेळची तांब्याची मोठी देगची. ती सरकली, कडेपर्यंत आली आणि थांबली. प्रशासनाने पत्र्यांवर ठेवलेले मोठे दगड काढून घ्यायला सांगितले तेव्हा मागच्या छपरावरून बावीस दगड उतरले. त्याच वर्षी 10 जुलैला पुन्हा तसाच धक्का बसला.

"तेव्हापासून ही पोरगी कुठल्याही घरात शिरली की आधी वर बघते," आपा म्हणाली.

म्हणून भाचीने नव्या घराचे दोन नियम केले होते. डोक्याच्या वर जड काही नको. कमरेच्या वर काच नको. तिच्या या हिशेबात पेटीचा पलंग बसत होता. सोफाही बसत होता. पण उंच आरशाचे कपाट, शोकेस आणि पलंगामागची फळ्यांची भिंत हे सगळे गेले. मग तिने विचार केला, की अर्धे सामान जमिनीलगतच असणार आहे, तर सगळेच का नको? गादी, लोड, तख्त, जाजम. आपल्या नान्यांच्या बैठकीत दुसरे काय होते? आणि हे बनवणारी माणसे दोन-तीन किलोमीटरच्या आत आहेत.

दुसऱ्या दिवशी आम्ही पिंजारी चाचांकडे गेलो. बाजाराच्या मागे एक लांब, बुटकी खोली. आत शिरताच नाकावर पदर धरावा लागतो. हवेत कापूस तरंगत असतो. चाचांच्या भुवयाही पांढऱ्या, पण किती वयाने आणि किती कापसाने, सांगता येत नव्हते. पिंजण्याचे काम आता विजेच्या यंत्रावर होते. दात्यांचा गोल फिरणारा रूळ, एका बाजूने दबलेला जुना कापूस घालायचा, दुसरीकडून ढगासारखा बाहेर येतो. कोपऱ्यात मात्र वडिलांची धनुकली टांगलेली होती. मी मागितली तर त्यांनी उतरवून दाखवली. माणसाच्या उंचीचे लाकडी धनुष्य, त्याला तांत. तांतीवर लाकडी मुठ्याने ठोका मारला की थरथरीने कापसाचे तंतू सुटे होतात आणि धूळ खाली झडते. त्यांनी एक ठोका मारून दाखवला. "तुंग" असा तो आवाज ऐकला आणि माझे लहानपण समोर आले. दिवाळीच्या पुढे-मागे असा आवाज करत पिंजारी गल्लीतून जायचा आणि अम्मी गाद्या अंगणात काढायची.

आपल्यात पिंजाऱ्याला हलके समजण्याची एक वाईट खोड आहे. लग्नाच्या बोलणीत तर हटकून निघते. त्या लोकांना मी एवढेच सांगेन, की हल्लाज या अरबी शब्दाचा अर्थ कापूस पिंजणारा, आणि नद्दाफचाही तोच. मन्सूर हल्लाजचे नाव घेताना आवाज खाली आणणारी माणसे मन्सुरी आणि नदाफ आडनावे ऐकून नाक मुरडतात, याचे मला नवल वाटते.

चाचांनी भाचीला पहिला प्रश्न विचारला, "बेटी, गादी बसायला की झोपायला?" मला दोन्हींत फरक असतो हेच माहीत नव्हते. बसायच्या गादीत कापूस जास्त ठासून भरतात आणि टाके जवळ जवळ घालतात, नाहीतर महिन्याभरात मध्ये खड्डा पडतो. झोपायच्या गादीत टाके लांब. एका माणसाच्या गादीला आठ ते दहा किलो रुई लागते. खोळीत भरून ती काठीने बडवून सारखी करायची, मग दाभणाने टाके. हे शिवणकाम चाचांच्या घरातल्या बायका करतात. त्यांचे हात कोणी पाहत नाही, कारण ते मागच्या खोलीत चालते. मी आत जाऊन बसले. चाची आणि त्यांची सून समोरासमोर बसून एकाच गादीवर दोन बाजूंनी येत होत्या. टाका खाली गेला की दुसरी त्याला वर ढकलते. बोलणे अखंड, सुई अखंड.

कापसाबद्दल चाचांची तक्रार जुनी आहे. "पहिला गावरान कापूस दाबला की उठायचा. आताचा बीटीचा लांब धाग्याचा. कापडाला चांगला. गादीत घातला की बसला तो बसला." बीटी कापसाला देशात 2002 साली परवानगी मिळाली आणि काही वर्षांत शिवारातून देशी वाण जवळपास गेले. परभणीच्या कृषी विद्यापीठाचे कापूस संशोधन केंद्र महेबूब बागेत आहे, तिथे देशी कापसावर काम चालू असते. पण शेतकऱ्याने लावला तर तो पिंजाऱ्याकडे येणार. चाचा आता ओळखीच्या दोन शेतकऱ्यांकडून थोडा देशी कापूस घेतात आणि नव्या रुईत मिसळतात. भाचीच्या गाद्यांत तो मिसळावा म्हणून मी किलोमागे थोडे जास्त द्यायला तयार झाले. चाचा म्हणाले, "बाजी, जास्त देऊ नका. दोन वर्षांनी गादी पुन्हा पिंजायला आणा, तेवढे बस."

फोमच्या गादीला असे करता येत नाही. ती बसली की फेकायची. कापसाची गादी उलगडून, पिंजून, धुतलेल्या खोळीत भरली की पुन्हा नवी. माझ्या अम्मीच्या जहेजातली गादी अजून माझ्या घरात आहे. खोळ पाचवी असेल, कापूस बराचसा तोच.

"दोन वर्षांनी तुम्ही असाल ना?" भाचीने विचारले. चाचा हसले. "मी असेन, इन्शाअल्लाह. यंत्राचे सांगत नाही." त्यांचा मुलगा पुण्यात गाडी चालवतो. त्याला धुळीचा दमा आहे, म्हणून त्यांनीच त्याला या कामातून काढले. हे ऐकल्यावर मी पुढे काही बोलले नाही. कारागिरी टिकली पाहिजे असे आपण सहज म्हणतो. ती कोणाच्या छातीत टिकते, ते अशा खोलीत दहा मिनिटे बसल्यावर कळते. नाकाला बांधायची चांगली जाळी भाचीने नंतर त्यांना नेऊन दिली. ते ती बांधतात की नाही, माहीत नाही.

दोन गाद्या, चार लोड आणि एक रजई, सगळे मिळून अकरा हजारांच्या आत झाले.

गोधड्या मात्र विकत घ्यायचा प्रश्नच नव्हता, कारण आपा. आपाच्या पेटीत गेल्या दहा वर्षांतल्या गोधड्या होत्या: दुल्हाभाईंच्या लुंग्या, सासूच्या साड्या, मुलांचे शाळेचे शर्ट, एका बाजूला भाचीची पाचवीची ओढणी. साधा धावदोरा, बाहेरून आत चौकोनात फिरत जाणारा. आपा हिला कारागिरी म्हणत नाही, "चिंध्या संपवणे" म्हणते. मी तिला कर्नाटकातल्या सिद्दी बायकांबद्दल सांगितले. उत्तर कन्नड जिल्ह्यातले हे आफ्रिकी वंशाचे लोक, त्यांत मुसलमान, ख्रिस्ती, हिंदू सगळे आहेत. त्यांच्या गोधडीला कवंदी म्हणतात. चारही कोपऱ्यांना त्रिकोणी घड्यांची फुले लावल्याशिवाय ती पुरी झाली असे समजत नाहीत. फुलांशिवाय गोधडी उघडी राहते म्हणे. या कवंद्यांची अमेरिकेत प्रदर्शने झाली. आपाने ऐकून घेतले आणि विचारले, "फुले कशी लावतात?" दुसऱ्या दिवशी सकाळी भाचीच्या गोधडीच्या एका कोपऱ्यावर तीन रंगांचे त्रिकोण होते. थोडे वाकडे होते. भाचीने ते उसवू दिले नाहीत.

शिवणकामाचा विषय आहे तर एक गोष्ट. हिंगोलीपासून जवळ कयाधू नदीवर नर्सी गाव आहे, संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते ते. नामदेव शिंपी होते. गावच्या हळद बाजाराला त्यांचे नाव आहे, ते योग्यच. पण एखाद्या शिलाईच्या शाळेला ते नाव दिले असते तर मला जास्त आवडले असते.

लोडांचे अभ्रे तांड्यावरून आले. भाचीच्या तालुक्याच्या बैठकीत भेटणारी एक बंजारा शिक्षिका आहे. तिच्या तांड्यावर आम्ही रविवारी गेलो. औंढ्याच्या बाजूला, रस्त्यापासून आत. तिची आजी उन्हात बसली होती. सगळे तिला याडी म्हणत होते, म्हणून मीही म्हटले. अंगावर पूर्ण वेश: आरशांची कांचळी, घेरदार फेटिया. नाती सगळ्या पंजाबी ड्रेसमध्ये. याडीने घागर डोक्यावर ठेवायची कवड्यांची चुंबळ आणून दाखवली. मागे मानेवर रुळणारी चौकोनी पट्टी, तिच्यावर इतके बारीक टाके की कापड दिसत नव्हते. मी किंमत विचारायच्या आत ती म्हणाली, "हे विकायचे नाही." तिच्या सासूचा फेटिया एका फिरत्या माणसाने स्टीलच्या पातेल्यांच्या बदल्यात नेला होता. नंतर नातीने मोबाइलवर तसल्याच तुकड्यांची किंमत दाखवली. त्या दिवसापासून म्हातारी पेटीला कुलूप लावते.

नवे काम करायला मात्र ती आणि तिची एक सून तयार होत्या. आठ अभ्रे. रंग कोणते, यावर भाची आणि सून यांचे बराच वेळ चालले. भाचीला फिकट हवे होते, सुनेच्या मते फिकट कापडावर त्यांचा टाका "मेल्यासारखा" दिसतो. शेवटी गडद निळ्यावर जमले. लोडाला टेकताना टोचू नये म्हणून आरसे फक्त कडांना. एका अभ्र्याचे साडेचारशे ठरले. मी सवयीने घासाघीस सुरू केली होती. भाचीने माझा हात दाबला. बाहेर आल्यावर म्हणाली, "खाला, एका अभ्र्याला त्यांचे तीन दिवस जातात. भागिले करून बघा." मी भागाकार केला आणि गप्प बसले. खरे तर साडेचारशेही कमीच होते.

आता सासूबाई. त्यांचा राग मला समजत होता. त्यांचे गुडघे गेलेले. नमाजही खुर्चीवर पढतात. खाली गादीवर बसल्या तर उठवायला दोन माणसे लागतील. "माझ्या घरात मलाच बसायला जागा नाही," असे त्या शेजारणीला म्हणाल्या, आणि ते बरोबर होते. फोटोत जमिनीवरची बैठक छान दिसते. फोटोत म्हातारी माणसे नसतात.

यावर उपाय सुताराने काढला. हा मनुष्य बाभळीचे काम करतो, जे आता फार थोडे करतात. बाभूळ कडक, रंध्याला दाद देत नाही, आणि ओली वापरली तर भुंगा लागतो. ओंडके काही महिने पाण्यात टाकून ठेवावे लागतात, मग सावलीत वाळवायचे. त्याच्याकडे असे तयार लाकूड होते, बैलगाडीसाठी ठेवलेले. बैलगाड्या होईनात म्हणून पडून होते. त्याने सासूबाईंना घरातल्या खुर्चीवर बसवले, गुडघ्याची उंची दोरीने मोजली, आणि त्या मापाचे तख्त केले. जमिनीपासून सोळा इंच, वर गादीचे चार. एका टोकाला हात टेकून उठता यावे म्हणून कठडा. लोखंडी खिळा कुठेही नाही, सगळी जोडणी लाकडात लाकूड बसवून. नऊ हजार. धक्का बसला तर तख्ताखाली दोन मुले शिरू शकतात, हे भाचीने मोजून पाहिले. सासूबाईंना सांगितले नाही.

सासूबाई पहिल्या दिवशी त्यावर बसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी मी डोकावले तर आडव्या झालेल्या होत्या.

कपाटाचा निकालही त्याच सुताराने लावला. आपाने दिलेले लोखंडी कपाट वरच्या बाजूला पट्टी लावून भिंतीला पक्के केले. अर्ध्या तासाचे काम, दीडशे रुपये. आपल्या किती घरांत अशी उंच कपाटे पलंगाच्या शेजारी नुसती उभी असतात! माझ्या घरात दोन होती. परतल्यावर पहिले काम ते केले.

आपाच्या माळ्यावर एक नवारीचा पलंग सुटा पडला होता. त्याचे पाय झिजलेले, नवार कुजलेली. जावयांनी स्वतः नवी नवार आणली आणि दोघांनी मिळून रात्री अकरापर्यंत विणली. पहिल्यांदा ढिली झाली, पुन्हा उसवली. दुल्हाभाई बाजूला बसून सूचना करत होते. हात एकदाही लावला नाही.

एक गंमत राहिली. भाचीने मी यायच्या आधी हौसेने पडदे घरीच रंगवले होते, हळदीने. हळदीचा जिल्हा, म्हणून हळदीचे पडदे. पंधरा दिवसांत खिडकीकडची बाजू साईच्या रंगाची झाली. घड्यांच्या आत मात्र अजून झगझगीत पिवळे. आपा हसून हसून बेजार. कपड्यावर पडलेला हळदीचा डाग उन्हात टाकला की जातो, हे प्रत्येक गृहिणीला माहीत असते. पडदा उन्हातच लटकतो, एवढाच विचार राहून गेला. आता ते पडदे आतल्या, सावलीच्या दारावर आहेत आणि तिथे शोभतात.

पुढच्या खिडक्यांना बांबूची चिक करायची ठरली. बुरूड आळीत आता टोपल्या-सुपांपेक्षा लग्नमंडपाचे तट्टे जास्त होतात, पण एक मावशी अजून चिक करतात. बारीक कामट्या, सुताने ओवलेल्या. आतून रस्ता दिसतो, बाहेरून आतले दिसत नाही. आपल्याकडे चिलमन म्हणायचे ते हेच. काचेला गडद कागद चिकटवण्यापेक्षा हे कितीतरी बरे. वारा अडत नाही आणि पडले तरी कोणाला लागत नाही. मावशींनी मापे घेतली, आगाऊ पैसे घ्यायला नकार दिला.

निघायच्या आदल्या रात्री सगळे नव्या घरात जेवलो. जाजमावर दस्तरख्वान, भिंतीला लोड. मुसहफ आणि रेहल भिंतीतल्या ताकात, छातीच्या उंचीवर. हा एकच कोनाडा भाचीने गवंड्याकडून हट्टाने करून घेतला होता. आपाच्या घरचा तुगरा काच काढून कापडावर चिकटवून इथे आला आहे. जेवण चालू असताना जमिनीत हलकी घरघर झाली. सगळ्यांचे हात थांबले. सासूबाईंनी तख्ताचा कठडा धरला. मग शिट्टी वाजली. मालगाडी होती. आपाने कालवणाचे भांडे पुढे सरकवले.

परवा भाचीचा फोन आला होता. अभ्रे आले, निळे छान दिसते. चिक अजून यायची आहे. मावशी म्हणतात, बांबू ओला आहे, आत्ता विणली तर उन्हाळ्यात सैल पडेल. तोवर खिडकीला आपाची जुनी ओढणी लावली आहे.